जो संघात नव्हता त्याची गोष्ट



फुटबॉलबद्दल रेडिओवर बोलायचं म्हणजे एक पंचाईत असते. क्रिकेटचं तसं नाही. धावफलक सांगितला की निम्मा सामना श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. फुटबॉलमध्ये पायानं केलेली जादू कानांना कशी दाखवायची? तरीही आज एका गोलापासूनच सुरुवात करतो, कारण पुढचं सगळं रामायण त्या गोलातून निघालं.

तारीख १८ डिसेंबर १९९९. दक्षिण इटलीतलं बारी नावाचं बंदर. तिथल्या सान निकोला स्टेडियमवर बारीचा साधासुधा संघ आणि मिलान शहराचा बलाढ्य इंटर समोरासमोर होते. सामना १-१ असा बरोबरीत आणि दोनच मिनिटं उरलेली. बारीच्या पेरोत्तानं मागून एक लांबलचक चेंडू पुढे टाकला. त्यामागे एक सतरा वर्षांचा मुलगा धावत होता. चेंडू त्याच्या डोक्यावरून येत होता. धावता धावता त्यानं तो टाचेवर घेतला, टाचेनंच पुढे उडवला, डोक्यानं हलकेच ढकलला आणि पुन्हा पायात घेतला. अंगावर दोन बचावपटू आले. त्यांतला एक फ्रान्सचा लोराँ ब्लाँ, म्हणजे दीड वर्षापूर्वीच विश्वविजेत्या ठरलेल्या संघाचा आधारस्तंभ. मुलगा दोघांच्या मधून आत शिरला आणि गोलकीपरच्या जवळच्या कोपऱ्यातून चेंडू जाळ्यात गेला. बारीनं २-१ असा विजय मिळवला.

त्या मुलाचं नाव अंतोनिओ कासानो. त्या रात्रीनंतर त्याचं आयुष्य त्याचं राहिलं नाही.

कासानोचा जन्म १२ जुलै १९८२चा. आदल्याच रात्री माद्रिदमध्ये पश्चिम जर्मनीला हरवून इटलीनं विश्वचषक जिंकला होता, तेव्हा अख्खा देश रस्त्यावर नाचत असताना हे पोर जगात आलं. बारीच्या जुन्या शहरात, अरुंद बोळांच्या आणि त्या काळी बऱ्यापैकी बदनाम असलेल्या वस्तीत. वडील घर सोडून गेलेले. आईनं एकटीनं वाढवला. शाळेत लक्ष नाही, दिवसभर दगडी फरशीवर चेंडू. आमच्या कोल्हापुरात पेठेपेठेतून अशी पोरं मी पाहिली आहेत. तालमीच्या संघाकडून शाहू स्टेडियमवर उतरली की हजारो लोकांना वेड लावतात आणि सोमवारी कुठं काम मिळतंय का ते बघत हिंडतात. फरक इतकाच, की इटलीत अशा पोराच्या मागे थैल्या घेऊन धावणारे असतात.

२००१ साली रोमाच्या क्लबनं त्याला विकत घेतलं. किंमत ६० अब्ज लिरा, म्हणजे नंतरच्या चलनात जवळजवळ तीन कोटी युरो. मुलगा एकोणीस वर्षांचा. पुढे आत्मचरित्रात त्यानं स्वतःच हिशेब मांडला, की सतरा वर्षं मी कंगाल होतो आणि नऊ वर्षं लक्षाधीश, तेव्हा बरोबरी व्हायला अजून आठ वर्षं बाकी आहेत. वाचताना हसू येतं. पण त्या हिशेबात पुष्कळ काही आहे. ज्यानं लहानपणी काही पाहिलं नाही, त्याला एकदम सगळं मिळालं तर तो ते वापरत नाही, वसूल करतो. कासानो वसूल करत होता.

रोमात प्रशिक्षक होते फाबिओ कापेल्लो. कडक शिस्तीचा माणूस. कासानोच्या एकेका प्रतापाला त्यांनी एक शब्दच तयार केला, ‘कासानाता’. आपल्याकडे एखाद्याच्या आडनावावरून वात्रटपणाला नाव पडावं तसं. हा शब्द इटलीभर झाला. सरावाला दांडी, प्रशिक्षकांशी भांडण, पंचांशी हुज्जत. २००३ साली इटालियन चषकाच्या अंतिम सामन्यात लाल कार्ड मिळालं, तेव्हा मैदान सोडताना त्यानं पंचांकडे बघून बोटांची शिंगं करून दाखवली. इटलीत ती काय शिवी आहे हे रेडिओवर सांगण्यासारखं नाही. आणि त्याच मुलानं पुढच्या हंगामात रोमासाठी लीगमध्ये चौदा गोल केले, तोत्तीबरोबर असा खेळला की बघणाऱ्याला वाटावं, दोघं एकाच आईच्या पोटचे आहेत.

२००४च्या युरोपीय स्पर्धेतला एक क्षण मला विसरता येत नाही. इटलीला पुढे जाण्यासाठी बल्गेरियाला हरवायचं होतं, आणि शिवाय त्याच वेळी चालू असलेल्या स्वीडन-डेन्मार्क सामन्याचा निकालही अनुकूल लागायला हवा होता. भरपाईच्या वेळेत कासानोनं विजयी गोल मारला आणि आनंदानं वेडा होऊन राखीव खेळाडूंच्या बाकाकडे धावत सुटला. तिथं पोचला तर सगळे चेहरे उतरलेले. दुसरा सामना २-२ असा सुटला होता आणि इटली बाहेर पडली होती. जिंकूनसुद्धा. हसत धावत आलेला तो एकवीस वर्षांचा मुलगा रडायला लागला. त्या स्पर्धेत इटलीचे तीन सामने झाले आणि तीनच गोल, त्यांतले दोन त्याचे. त्या संघाचे प्रशिक्षक होते जोव्हान्नी त्रापात्तोनी. हे नाव ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग घसरण. जानेवारी २००६मध्ये रोमानं त्याला रेआल माद्रिदला अगदी किरकोळ किमतीत देऊन टाकलं. तिथं त्याचं वजन वाढलं. हॉटेलातल्या वेटरकडून रात्री-बेरात्री गोडधोड मागवण्याचे किस्से त्यानं स्वतःच पुस्तकात रंगवून सांगितले आहेत. २००६च्या उन्हाळ्यात माद्रिदला नवे प्रशिक्षक आले, तेही कोण? पुन्हा कापेल्लोच! काही महिन्यांत भांडण, संघाबाहेर. त्याच उन्हाळ्यात जर्मनीत इटलीनं विश्वचषक जिंकला. विजेत्या संघात पेरोत्ता होता, तोच, ज्याच्या लांब चेंडूवर कासानोनं तो गोल केला होता. चेंडू पुढे टाकणारा विश्वविजेता झाला आणि ज्याच्यासाठी टाकला तो घरी बसून बघत राहिला. त्या विजेत्या संघाचे प्रशिक्षक मार्चेल्लो लिप्पी. हेही नाव ध्यानात ठेवा.

आता खऱ्या विषयाकडे येतो.

ऑगस्ट २००७मध्ये जेनोआच्या साम्पदोरिया क्लबनं कासानोला माद्रिदकडून उसना घेतला. पंचवीस वर्षांचा, जाडसर, बदनाम आणि जवळजवळ संपलेला. साम्पदोरिया हा मोठ्यांतला क्लब नव्हे. एकदाच, १९९१ साली, इटलीचं विजेतेपद मिळवलेलं, तेही व्हियाल्ली आणि मान्चिनी या जोडगोळीच्या जोरावर. क्लबचे अध्यक्ष होते रिकार्दो गारोने, तेल उद्योगातलं जुनं घराणं, वयानं सत्तरीच्या पुढचे. त्यांनी या वाह्यात मुलावर लोभ धरला. पोरगं बापाविना वाढलेलं. जेनोआत त्याला कुणीतरी वडीलधारं भेटलं, एवढं नक्की म्हणता येईल.

आणि कासानो खेळायला लागला. वजन उतरलं. वेग पूर्वीसारखा राहिला नव्हता, पण वेगावर तो कधी अवलंबूनही नव्हता. त्याचं खरं भांडवल म्हणजे नजर. तीन माणसांच्या घोळक्यात पाठमोरा उभा राहून चेंडू घ्यायचा, क्षणभर थांबायचा, आणि जिथं वाट आहे असं कुणालाच दिसत नाही तिथून तो सहकाऱ्याच्या पायात सरकवायचा. पहिल्याच हंगामात साम्पदोरिया सहावी आली. वाकडी शेपटी एकदम सरळ झाली असं मात्र नाही. मार्च २००८मध्ये तोरिनोविरुद्ध लाल कार्ड मिळताच त्यानं अंगातला शर्ट काढून पंचांच्या दिशेनं भिरकावला आणि पाच सामन्यांची बंदी ओढवून घेतली. तरीसुद्धा त्या वेळचे राष्ट्रीय प्रशिक्षक रोबेर्तो दोनादोनी यांनी त्याला २००८च्या युरोपीय स्पर्धेला नेलं. तिथं तो शहाण्यासारखा वागला, बराही खेळला. उपान्त्यपूर्व फेरीत स्पेननं पेनल्टींवर इटलीला हरवलं आणि दोनादोनींना जावं लागलं.

त्यांच्या जागी आले विश्वविजेते लिप्पी. आणि कासानोसाठी राष्ट्रीय संघाचं दार बंद झालं, ते पूर्ण दोन वर्षं.

ही दोन वर्षं कोणती? तर त्याच्या आयुष्यातली त्यातल्या त्यात स्थिर आणि सगळ्यात चांगली. २००९च्या जानेवारीत साम्पदोरियात पाझ्झिनी नावाचा आघाडीवीर आला. सरळ, कष्टाळू, हेडरमध्ये पक्का. कासानोनं चेंडू द्यायचा आणि पाझ्झिनीनं गोल करायचा, असा संसार सुरू झाला. जेनोआतली जुनी माणसं व्हियाल्ली-मान्चिनींची आठवण काढायला लागली. लवकरच लिप्पींनी राष्ट्रीय संघात बोलावणं धाडलं. कुणाला? पाझ्झिनीला! म्हणजे वाढलेलं ताट जेवणाऱ्याला आमंत्रण, आणि स्वयंपाक करणाऱ्याला नाही.

१ एप्रिल २००९ला तर नियतीनं थट्टाच केली. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतला इटली-आयर्लंड सामना नेमका बारीत होता, त्याच सान निकोला स्टेडियमवर. आयर्लंडचे प्रशिक्षक त्रापात्तोनी. सामना सुरू होऊन काही मिनिटं होतात न होतात तोच पाझ्झिनीला लाल कार्ड. इटली दहा जणांनी खेळली, १-१ अशी बरोबरी झाली, आणि बारीकर काय ओरडत होते? मैदानात नसलेल्या, राखीव खेळाडूंतही नसलेल्या माणसाचं नाव. कासानो, कासानो. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला हे ऐकत उभं राहावं लागलं. पुढे ऑक्टोबरात पार्मामध्ये सायप्रसविरुद्ध प्रेक्षकांनी हुर्यो उडवली तेव्हा लिप्पी जाहीरपणे भडकले. पण माणूस हेकट. प्रेक्षक जितके ओरडले तितका तो ताठ होत गेला, असं मला त्या वेळीही वाटे आणि आजही वाटतं.

इथं थोडं थांबून लिप्पींची बाजूही बघू. २००६ साली इटालियन फुटबॉल सामन्यांच्या पंचांबाबतच्या गैरव्यवहारानं पोखरलं होतं. मोठ्या क्लबांवर खटले चालू होते. त्या वातावरणात लिप्पींनी तेवीस माणसांची एक मूठ बांधली आणि तिच्या जोरावर चषक आणला. त्या संघात चमकदार माणसं होती, पण चषक आणला तो एकजुटीनं. साहजिकच त्यांचं म्हणणं असं झालं असणार, की महिनाभर एका छताखाली राहायचं तर घरात आग लावू शकणारा माणूस नको. संघ म्हणजे अकरा उत्कृष्ट खेळाडू नव्हेत, हे कुठल्याही तालमीचा वस्ताद सांगेल. आणि कासानोचा इतिहास तर लेखीच होता! २००८च्या अखेरीस त्यानं आत्मचरित्र छापलं. त्यात सगळे पराक्रम, बाईलबुवेपणाच्या आकड्यांसकट, हसत हसत सांगितले. कुठल्या प्रशिक्षकाला ते पुस्तक उशाशी घेऊन शांत झोप लागेल?

आणखी एक गोष्ट लिप्पींच्या बाजूनं सांगायला हवी. २०१०च्या सुरुवातीला साम्पदोरियाचे प्रशिक्षक देल नेरी यांनीही कासानोला काही आठवडे बाहेर बसवलं. त्याला फिओरेन्तिनाला विकायची बोलणी झाली, तो जायला तयार झाला नाही. त्या आठवड्यांत साम्पदोरिया त्याच्याशिवाय जिंकतही होती. मग तो परतला, गुमान खेळला, आणि संघ आणखी वर चढला. २५ एप्रिल २०१०ला रोमाच्या मैदानावर जे घडलं ते तर नाटकात लिहिलं तर खोटं वाटेल. रोमा तेव्हा लीगमध्ये पहिल्या स्थानावर. तोत्तीनं गोल करून आघाडी मिळवून दिली. उत्तरार्धात कासानोनं डावीकडून चेंडू उचलून दिला, पाझ्झिनीनं डोक्यानं गोल केला, नंतर आणखी एक. साम्पदोरिया २-१. रोमाचं विजेतेपद गेलं ते अखेर दोन गुणांनी. साम्पदोरिया चौथी आली आणि चॅम्पियन्स लीगच्या उंबरठ्यावर पोचली.

एवढं होऊन मे महिन्यात लिप्पींनी विश्वचषकासाठी तीस जणांची प्राथमिक यादी जाहीर केली, आणि त्या तिसांतसुद्धा कासानो नव्हता.

संघात नाव नसणं हे आपल्या श्रोत्यांना काही नवं नाही. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले आणि भारताकडून एकही कसोटी न खेळता २०२५ साली ते गेले. पण शिवलकरांच्या वाटेत बिशनसिंग बेदी उभे होते. म्हणजे कारण दिसत तरी होतं. दैव वाईट म्हणून माणूस स्वतःची समजूत घालू शकतो. कासानोच्या वाटेत कुणीही उभं नव्हतं. लिप्पींनी जे आघाडीवीर दक्षिण आफ्रिकेला नेले त्यांत दी नाताले होता, त्या हंगामात लीगमध्ये एकोणतीस गोल करणारा. जिलार्दिनो, इयाक्विन्ता, पाझ्झिनी, क्वाल्यारेल्ला होते. सगळे गोल करणारे. गोल करायला चेंडू देणारा, बंद कुलपाची किल्ली खिशात असणारा, त्यांत एकही नव्हता. मध्यरक्षणात ते काम करणारा पिर्लो होता, पण तो जखमी होता.

पुढे काय झालं ते जगानं पाहिलं. पॅराग्वेशी १-१. २० जूनला न्यूझीलंडशी १-१. न्यूझीलंड! रग्बीचा देश. सातव्या मिनिटाला त्यांनी गोल केला, इटलीनं पेनल्टीवर तो फेडला, आणि मग तासभर इटालियन खेळाडू त्या पांढऱ्या शर्टांच्या भिंतीवर चेंडू आपटत राहिले. कोपऱ्यातून उंच चेंडू टाकायचा, न्यूझीलंडच्या धिप्पाड गड्यांनी तो डोक्यानं परतवायचा, पुन्हा टाकायचा. मी तो सामना टीव्हीसमोर बसून पूर्ण पाहिला आणि शेवटची वीस मिनिटं अक्षरशः एकच वाक्य बडबडत होतो, की अरे, कुणीतरी जरा थांबा, चेंडू पायाखाली घ्या, बघा तरी! घरच्यांनी आवाज कमी करायला सांगितला, माझा आणि टीव्हीचा दोन्हींचा.

आणि कासानो त्या वेळी कुठं होता? सामन्याच्या आदल्या दिवशी, १९ जूनला, पोर्तोफिनो नावाच्या समुद्रकाठच्या देखण्या गावात त्याचं लग्न लागलं. बायको कारोलिना मार्चालिस, वॉटर पोलोची खेळाडू. जेनोआत त्याच्यात जो बदल झाला त्यात तिचा वाटा मोठा, असं तो नेहमी सांगत आला. विश्वचषक चालू असताना लग्नाची तारीख धरणं, याचा अर्थ आपल्याला बोलावणं येणार नाही हे त्यानं केव्हाच ओळखलं होतं.

चार दिवसांनी जोहान्सबर्गला स्लोव्हाकियानं इटलीला ३-२ असं हरवलं. विश्वविजेते गटात शेवटचे. १९७४नंतर प्रथमच इटली पहिल्या फेरीत गारद झाली. लिप्पींनी सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली, एकाही खेळाडूला दोष दिला नाही. माणूस म्हणून तो मोठेपणाच होता. कासानो असता तर इटली जिंकली असती का? असल्या जर-तरला अर्थ नसतो. तो संघ म्हातारा झाला होता. २००६चे नऊ जण त्यात होते आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे पाय थकले होते. एका माणसानं ते सगळं सावरलं असतं असं मी म्हणणार नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. एखाद्याला वगळणं हा प्रशिक्षकाचा हक्क, त्याबद्दल वाद नाही. पण ज्याला वगळलं त्याला हे कळायला हवं, की काय केलं म्हणजे मला आत घेतील. परीक्षेत नापास केलं तरी चालेल, पण विषय कोणता ते तरी सांगा. लिप्पींनी शेवटपर्यंत पटेल असं कारण दिलं नाही. ‘निवड ही माझी,’ या अर्थाचंच काहीतरी ते दरवेळी सांगत राहिले. वीस-एकवीस वर्षांच्या वयातल्या वेडेपणाची शिक्षा अठ्ठाविसाव्या वर्षी भोगायची, आणि ती किती वर्षांची हे माहीत नाही. तुरुंगातल्या कैद्यालासुद्धा सुटकेची तारीख माहीत असते.

ही तक्रार मी मांडतो आहे खरी, पण कासानोनं तिला लगेच सुरुंग लावला!

लिप्पींनंतर आलेल्या चेझारे प्रांदेल्ली यांनी पहिल्याच सामन्यापासून, ऑगस्ट २०१०पासून, त्याला घेतलं. सप्टेंबरात एस्टोनियाविरुद्ध इटली मागे असताना त्यानं हेडरनं बरोबरी साधली, आणि लगेच टाचेनं असा चेंडू दिला की बोनुच्चीनं विजयी गोल केला. सगळे म्हणाले, बघा, लिप्पी चुकले. आणि पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर २०१०मध्ये, गारोनेंनी कासानोला एका पुरस्कार समारंभाला येण्याची विनंती केली. साधी गोष्ट. त्यानं नकार दिला, आणि नकार देताना त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला सगळ्यांसमोर अर्वाच्य शिव्या घातल्या. ज्यानं लेकरासारखं सांभाळलं त्याला! नंतर माफी मागितली. पण गारोने दुखावले होते, त्यांनी करारच रद्द करावा म्हणून लवादाकडे धाव घेतली. करार रद्द झाला नाही, पण कासानोवर बंदी आली, पगार कापला गेला, आणि जानेवारी २०११मध्ये तो मिलानला गेला. महिनाअखेर पाझ्झिनीही इंटरकडे गेला. जोडी फुटली. वर्षापूर्वी चौथी आलेली साम्पदोरिया मे महिन्यात खालच्या श्रेणीत ढकलली गेली. कासानो मात्र त्याच महिन्यात मिलानबरोबर इटलीचा विजेता. जेनोआच्या लोकांनी हे कसं गिळलं असेल देव जाणे.

म्हणजे लिप्पी बरोबर होते? घाईनं हो म्हणू नका. कारण गंमत अशी, की प्रांदेल्लींनी त्या सुमारास राष्ट्रीय संघाला आचारसंहिता घालून दिली होती. क्लबच्या सामन्यात कुणी दांडगाई केली तर त्याला राष्ट्रीय संघात जागा नाही. या नियमाखाली त्यांनी पुढे दे रोस्सी आणि बालोतेल्ली यांच्यासारख्यांनाही घरी बसवलं. कडकपणात ते लिप्पींपेक्षा तसूभर कमी नव्हते. फरक हा, की प्रांदेल्लींच्या घराला दार होतं. बाहेर काढताना ते कारण सांगत आणि परत घेताना कुरकुर करत नसत.

त्या दारातून कासानो पुन्हा आत आला तो मात्र भलत्याच वाटेनं. २०११च्या ऑक्टोबरअखेर रोमहून सामना खेळून परतताना विमानतळावर त्याची प्रकृती बिघडली. मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अडथळा आला होता. तपासणीत निघालं, की त्याच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये, जन्मतः असणारं आणि एरवी बालपणीच बुजून जाणारं छिद्र बुजलेलंच नव्हतं. म्हणजे एकोणतीस वर्षं हा माणूस ते छिद्र घेऊन धावत होता! नोव्हेंबरमध्ये ते बंद करण्यात आलं. पुन्हा खेळेल की नाही याची शंका होती. एप्रिल २०१२मध्ये तो मैदानावर परतला, आणि दोनच महिन्यांनी प्रांदेल्लींनी त्याला युरोपीय स्पर्धेला नेलं, दहा नंबरचा शर्ट देऊन.

तिथंही एक कासानाता झालीच. पत्रकार परिषदेत समलिंगी खेळाडूंबद्दल तो हीन भाषेत बोलला आणि युरोपीय महासंघानं त्याला पंधरा हजार युरो दंड केला. तो दंड योग्यच होता. खेळायला मिळेल त्या दिवशी मात्र तो खेळला. नव्वद मिनिटांची ताकद अंगात नव्हती, तासाभरानंतर बाहेर यावं लागे, पण तेवढ्यात काम करून जाई. १८ जूनला पोलंडमधल्या पोझनान इथं इटलीला जिंकणं भाग होतं. समोर आयर्लंड, आणि आयर्लंडच्या बाकावर पुन्हा एकदा म्हातारे त्रापात्तोनी. तेच, ज्यांच्या संघात आठ वर्षांपूर्वी तो पोरगा गोल मारून रडला होता. पिर्लोनं कॉर्नर घेतला, कासानोनं डोकं लावलं, गोल. मी जागचा उठून उभा राहिलो.

आणि मग २८ जून, वॉर्सा, उपान्त्य सामना, समोर जर्मनी. विसाव्या मिनिटाला डाव्या बाजूला कासानोकडे चेंडू आला. त्याची पाठ गोलाकडे, अंगाला भिडलेला हुमेल्स, शेजारी आणखी एक जर्मन. कासानो थांबला. मग एका गिरकीत दोघांच्या मधून वळला आणि डाव्या पायानं चेंडू उचलून गोलासमोर ठेवला. ठेवला हाच शब्द बरोबर आहे. बालोतेल्लीनं डोकं तेवढं लावायचं होतं. इटली २-१ अशी जिंकून अंतिम फेरीत गेली. तिथं स्पेननं ४-० असा फडशा पाडला, तो भाग वेगळा.

विश्वचषक त्याला एकदाच मिळाला, २०१४चा, ब्राझीलमधला. पार्माकडून लीगमध्ये बारा गोल करून, वजन उतरवून, बत्तिसाव्या वर्षाच्या तोंडावर त्यानं ती जागा कमावली. दोन सामन्यांत बदली खेळाडू म्हणून उतरला, दोन्ही इटलीनं ०-१ असे गमावले. त्यानंतर राष्ट्रीय संघ संपला. एकूण ३९ सामने, १० गोल. त्याच्या तोलाच्या माणसासाठी आकडा लहान आहे. त्यातली किती वर्षं त्यानं स्वतः वाया घालवली आणि किती लिप्पींनी, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. माझ्या मते बरीचशी त्यानं स्वतःच, पण २००८ ते २०१० ही दोन त्याच्या खात्यावर मांडता येत नाहीत.

२०१७च्या जुलैमध्ये व्हेरोनाच्या क्लबनं त्याला घेतलं. काही दिवसांतच त्यानं निवृत्ती जाहीर केली. त्याच दिवशी, काही तासांत, विचार बदलला, थांबतो म्हणाला. आठवडा उलटायच्या आत पुन्हा बॅग भरली आणि घरी गेला, जेनोआला. व्हेरोनासाठी लीगचा एकही सामना खेळला नाही.